वळणावरचा आवाज

हिवाळ्यातल्या संध्याकाळी तापीकडची गार हवा केळीच्या पानांत शिरली की आमच्या मागच्या पडवीतून एक आवाज येऊ लागतो. सपसप, सपसप. काठवटीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापणाऱ्या उघड्या तळव्याचा तो आवाज माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. त्यांना घरात सगळे जिजी म्हणतात. डोळे मिटले तर मला जिजींचा चेहरा उशिरा दिसतो, हात आधी दिसतात. रुंद, उन्हाने रापलेले, मनगटाशी बांगडीची जुनी फिकट खूण असलेले, आणि कुठल्याही कामाला घाई न करणारे हात.

मी घाईची बाई आहे. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून महिन्यातले बरेच दिवस मोलगीकडच्या डोंगरपाड्यांवर जाते, आणि एका खेपेत चार कामं उरकली नाहीत तर मला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. सकाळी चहाच्या कपाबरोबर मनात कामांची रांग लागते. जिजींची रांग कधी लागत नाही. त्यांचं एक काम संपतं, मग त्या थोडा वेळ अंगणात वाळणाऱ्या लाल मिरचीकडे बघतात, आणि मग दुसरं सुरू होतं. त्या बघण्यात काय असतं हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

दादा, म्हणजे जिजींचे यजमान आणि माझे मोठे दीर, होते तेव्हा त्या हातांना एक ठेका होता. दिवसभर केळीची भरणी करून, घड ट्रकमध्ये चढवून, दादा आपली डिझेल गाडी घेऊन निघत, आणि पाटचारीच्या वळणावर गाडी आली की तिचा आवाज घरी पोचे. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडाव्यात तसा तो इंजिनाचा आवाज साऱ्या पंचक्रोशीत एकट्या त्या गाडीचा होता. जिजी हसून म्हणत, ''तुमनी गाडीना दात वाजी ऱ्हायनात, तिले घोंगडी द्या.'' दादा म्हणत, ''बोलस ती, बोलू दे.'' वळणावर तो आवाज उमटला की जिजींचा हात क्षणभर काठवटीवर थांबे, आणि पुढच्या श्वासाला भाकरी तव्यावर पडे. दादा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती टम्म फुगलेली असे. उभ्या संसारात त्या माणसाच्या ताटात गार भाकरी पडली नाही.

एका हिवाळ्यात दादा झोपेतच गेले. गाडी माझ्याकडे आली, कारण घाटरस्त्यावर रोजची गरज मलाच होती. गाडीबरोबर तो आवाजही आला. पुढे एका सुटीच्या दिवशी माझा नवरा सुनील गाडी घेऊन गेला होता आणि मी चुलीजवळ जिजींच्या शेजारी बसले होते. वळणावर तडतड ऐकू आली आणि जिजींचा हात थांबला. पिठाचा ओला तळवा हवेत तसाच राहिला, दाराकडे वळलेल्या मानेवर चुलीचा तांबूस उजेड हलत राहिला. मग सुनीलने अंगणातून हाक मारली, आणि हात पुन्हा पिठावर आला. घरातल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा तो थांबलेला हात पाहिला होता, आणि न ठरवताच आम्ही सगळे तो आवाज जपू लागलो, देव्हाऱ्यातल्या समईला वारा लागू नये म्हणून दार लोटून घ्यावं तसे.

या थंडीत देवगोई घाट चढताना गाडी तापली. पाण्याचा पंप गळत होता. तळोद्याला युसूफभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली. पंपापर्यंत पोचायला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागली, आणि उघडल्यावर टायमिंग चेन समोर आली, सैल पडलेली. तिला ताणून धरणारा टेन्शनरही झिजलेला. तो पऱ्हाट्यांचा आवाज याच जोडीचा होता.

''मॅडम, खोललंच आहे तर दोन्ही बदलून टाकू,'' युसूफभाई म्हणाले. ''चालेल अजून, खोटं नाही बोलणार. पण घाटात तुटली तर इंजिन जागेवर बसेल.''

एरवी असल्या प्रश्नाला मी क्षणाचाही वेळ दिला नसता. उघडलेलं इंजिन पुन्हा उघडायला लावणं हे माझ्या स्वभावात बसत नाही. पण नवी चेन म्हणजे गप्प गाडी, आणि गप्प गाडी म्हणजे त्या पडवीतून दादांना दुसऱ्यांदा बाहेर काढणं, असं वाटून माझी जीभ अडखळली. घरी सुनील म्हणाला, ''चेन ऱ्हाऊ दे. वहिनीना जीव शे त्या आवाजमा.''

''आनि मन्हा जीव?'' मी म्हटलं. ''घाटमा मी जास, तू नही.''

एका बाजूला देवगोईची वळणं, खाली दरी, पाड्यांवर वाट बघणारी माणसं. दुसऱ्या बाजूला हवेत थांबलेला एक हात. त्या हाताचं पारडं जड झालं. पंप तेवढा बदलायचा, आणि घाटात बेताने चालवायचं, असं आम्ही ठरवलं. ज्यांच्यासाठी ठरवलं त्यांना विचारावं, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी जिजी आमच्याबरोबर तळोद्याला आल्या, चष्म्याची काडी बसवायला. गॅरेजच्या दारात ऊन तिरपं पडलं होतं. सुनीलने युसूफभाईंना सांगितलं, पंपच बदला, चेन राहू द्या. युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं.

''काबर?'' जिजींनी विचारलं. चेन का राहू द्यायची?

सुनीलने रात्रीच फोनवर त्यांना कारण सांगितलं होतं, म्हणून युसूफभाईच म्हणाले, ''मावशी, यांना वाटतं, नवी टाकली तर दादांच्या गाडीचा तो आवाज जाईल.''

जिजींनी वाकून त्या सैल चेनला बोट लावलं. ती लटकन हलली. मग त्या सुनीलकडे वळल्या.

''माले इचारं का कोनी? जुना बैलना संगे नवा बैल जुपतस का? जू वाकडं पडस, मंग नवा बी बसी जास. शेतकरीना पोऱ्या ना तू?'' आणि मग, पदराला बोटाचं तेल पुसत, आवाज उतरवून, ''लोके म्हनतस, त्या एकदाव गयात. मन्हासाठे तं त्या रोज सांजले जातस. वळणवर येतस, आनि गाडीमातून तुम्ही उतरतस. बदली टाका, भाऊ. दोन्ही बदली टाका.''

लोकांसाठी ते एकदाच गेले. माझ्यासाठी रोज संध्याकाळी जातात. त्या उन्हात मला हे पुन्हा मनातल्या मनात म्हणून बघावं लागलं. ज्याला आम्ही ठेवा समजून जपत होतो, तो त्या बाईला रोज नव्याने होणारा निरोप होता. इतक्या दिवसांचं ओझं खांद्यावरून उतरावं तशी मी शेजारच्या टायरवर बसले. रीतीप्रमाणे युसूफभाईंनी निघालेले जुने भाग कागदात गुंडाळून पुढे केले. जिजी म्हणाल्या, ''ऱ्हाऊ द्या तुमनापान.''

गाडी मिळाली त्या दिवशी मी पंपाची, चेनची काळजी मागे टाकून मोलगीहून घाट उतरले. सातपुड्याच्या निळ्या रेघेमागे ऊन गेलं होतं. पाटचारीचं वळण आलं आणि गेलं, आणि गाडीतून केवळ चाकांखालच्या खडीचा आवाज आला. अंगणात शिरले तर पडवीतून सपसप, सपसप अखंड चाललेली. मी दारात जाऊन उभी राहिले तरी हात थांबला नाही. अखेर भाकरी तव्यावर टाकून जिजींनी वर पाहिलं आणि दचकून हसल्या.

''अवं माय, कव्हय उनी तू?''

त्या संध्याकाळी मला पहिली भाकरी मिळाली ती आधीच भाजून ठेवलेली, गार होती, आणि आम्ही दोघी त्यावर पुष्कळ हसलो. मग जिजी चुलीतली लाकडं मागे ओढून नेहमीसारख्या स्वस्थ बसल्या, अंधारात विझत गेलेल्या मिरचीच्या लालीकडे बघत, आणि आपणहून दादांची एक गोष्ट सांगू लागल्या. गेलेलं माणूस दारात यायचं थांबलं की मगच बहुधा ते घरात राहायला येतं.