हिचे गुडघे

विमानाचं दार उघडलं तेव्हा माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मधल्या सीटवर अवघडून पाय इतके सुजले होते की बुटांत मावेनात. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं. पण हिला कळू द्यायचं नव्हतं.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो आणि दोन्ही बॅगा वरच्या कप्प्यातून खाली ओढल्या.

रिटायर होईपर्यंत मी लाइनमन होतो. वादळात लाइट गेली की लोक खिडक्या लावून बसायचे आणि मी खांबावर चढायचो. असल्या माणसाने बॅगा उचलायला कुणाला हाक मारायची? तरी हल्ली काहीतरी बिनसलं होतं. जरा चाललं की छाती आवळायची, डावा हात जड व्हायचा. सांगणार कुणाला? हिचे गुडघे गेल्या वर्षीच कामातून गेलेले. जिन्यात मधेच कठडा धरून म्हणायची, "थांबा हो जरा, गुडघे बोंबलतायत." तेवढ्यात मीही गुपचूप दम खाऊन घ्यायचो. तेव्हापासून बाजाराच्या पिशव्या, गॅसची टाकी, गाद्या, सगळं मी माझ्या अंगावर घेतलं. दोघांनीही अंथरूण धरलं तर बघायचं कुणी? शिवाय हिला आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता. मी तोंड उघडलं असतं तर लेकीने त्याच दिवशी तिकिटं रद्द केली असती.

आता फक्त हे विमान बदलायचं होतं. पुढच्या विमानात एकदा बसलो की सुटलो.

लेकीने आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. दारातच ती घेऊन एक धिप्पाड बाई उभी होती. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं, हिला बसवलं आणि निघाली की तरातरा.

"बॅगा माझ्या मांडीवर द्या," ही मान वळवून म्हणाली.

"गुडघ्यांवर ओझं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

माणसांना पुढे नेणारा सरकता पट्टा नेमका बंद होता. दुतर्फा अत्तरांची, घड्याळांची दुकानं, आणि मधून तो न संपणारा गुळगुळीत रस्ता. ही प्रत्येक वळणावर मागे बघायची, मी हात हलवायचो. मग हात हलवायलाही बॅग खाली ठेवावी लागू लागली. शर्ट घामाने चिकटला. खुर्ची पुढे गेली, आणखी पुढे गेली. हाक मारावी तर आवाज फुटेना, आणि खरं सांगतो, मारायचीही नव्हती. ती थांबली असती, विमान गेलं असतं. जन्मभर खांबांवर चढलो आणि तिथे एका खांबाला टेकून मी खाली बसलो. भीती वाटली. फार भीती वाटली. मी इथे गेलो तर गुडघे मोडलेली ही बाई एकटी घरी कशी पोचणार?

तेवढ्यात तिकडे कुणीतरी ओरडलं. बघतो तर चालत्या खुर्चीतून हिने उडी मारलेली! पायातल्या चपला हातात घेऊन लोकांना ढकलत, कुणाच्यातरी सुटकेसवरून टांग टाकून ही माझ्याकडे पळत येत होती. पळत!

"कुठे दुखतंय?" ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"तुझे गुडघे?"

"खड्ड्यात गेले गुडघे! कुठे दुखतंय ते सांगा."

"आधी तू सांग."

"काही झालेलं नाही त्यांना," ती धापा टाकत म्हणाली. "जिन्यात तुमचा श्वास ऐकू यायचा मला. तुम्हाला थांबा म्हटलं की तुम्ही दोन-दोन पायऱ्या चढून दाखवणार. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येणार. मग मीच थांबायला लागले."

"वर्षभर?"

"मग काय करणार होते? तुमच्यापुढे डोकं फोडून घेऊ?"

असा संताप आला! पण ओरडायला छातीत हवा नव्हती.

"अगं, तुझे गुडघे गेले म्हणून मी उभा होतो," मी म्हणालो. "नाहीतर केव्हाच सांगितलं असतं, मला होत नाही म्हणून."

तिचा चेहरा एकदम उतरला. ती माझा हात चोळायला लागली.

खुर्चीवाली बाई धावत आली. तिने हिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि लगेच फोनवर कुणाला तरी बोलावलं. दोघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं. वर आमच्याच विमानाची घोषणा चालली होती.

"तुझा बर्फ..."

"राहू दे तो तिथेच."

"बॅगा तरी दे मांडीवर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" ती म्हणाली, आणि दोन्ही बॅगा दोन खांद्यांना अडकवून चालायला लागली. बॅगा जड होत्या. मला माहीत होतं किती जड होत्या ते.

"अगं," मी म्हणालो, "मला फार दुखतंय."