बांधात घुसलेलं क्षेपणास्त्र

कारखान्यात सगळे तिला तारबाई म्हणायचे, आणि तिच्याही ते अंगवळणी पडलं होतं. रणगाडे फोडायच्या क्षेपणास्त्रामागे केसासारखी बारीक तार उलगडत जाते. नेमबाज दुर्बिणीतली फुली जिथे धरेल तिथे जायचा हुकूम क्षेपणास्त्राला त्या तारेतून मिळतो. ही तार टिकवायचं काम या इंजिनिअरबाईंचं. चाचण्यांच्या वेळी तारेनं बाईंना अगदी रडकुंडीला आणलं होतं. मध्येच तटकन तुटायची, की क्षेपणास्त्र नाक खुपसून मातीत! रीळ बदललं, डिंक बदलला, बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे ती वठणीवर आली.

तेवढ्यात लढाई पेटली. पहिली खेप आघाडीवर गेली, आणि ती चालवायला कोण, तर तिचाच धाकटा दीर! ती लग्न होऊन आली तेव्हा हाफ चड्डीत हुंदडणारा बारक्या.

मग एक दिवस मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, बाकीची बरोबर लागली. एक मात्र रणगाड्याच्या अलीकडे बांधात घुसलं. पुन्हा तार का?"

नेम हुकला तर रणगाडा उलट तोफ डागणार, आणि त्याच्यासमोर कोण बसलंय हे तिला ठाऊक होतं. साहेबांनी काम थांबवलं. ती रिळामागून रीळ उलगडत बसली, पण दोष काही सापडेना. बारक्याचा फोनही नव्हता. "वाईट बातमी पायाला भिंगरी लावून येते, आली नाही म्हणजे ठीक आहे," असं नवरा म्हणायचा खरा, पण फोन वाजला की आधी तोच धावायचा.

युद्धबंदी झाली आणि एका दुपारी बारक्या दारात उभा! वाळून काडी झालेला, पण धडधाकट. भावानं त्याला जी मिठी मारली ती सोडेचना. विचारायचं नाही असं ठरवूनही शेवटी तिच्या तोंडून निघालंच.

"ते बांधात गेलेलं... तुमच्या तुकडीचं होतं का रे?"

"माझंच."

"तार तुटली?"

"छे गं वहिनी! मीच घातलं ते बांधात."

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"रणगाडा आधीच बंद पडला होता. मी सोडलं, आणि तेवढ्यात वरचं झाकण उघडून माणसं बाहेर पडायला लागली. एकानं बनियन काढून हलवायला सुरुवात केली. मी फुली खाली ओढली आणि क्षेपणास्त्र गुमान बांधात शिरलं. आमचे साहेब आधी माझ्यावर खेकसले, मग दुर्बिणीतून बघितलं आणि गोळीबार थांबवायचा हुकूम दिला. तिघं होते. हात वर करून आले."

"अरे, मग आम्हाला नुसतं हुकलं म्हणून का कळवलं?"

"लागलं नाही म्हणजे हुकलं! तिथे कारणं विचारायला कोणाला वेळ होता?"

तिला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदमच. नवरा गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा भावाकडे बघत होता. जरा शांत झाल्यावर तिनं साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तार शेवटपर्यंत शाबूत होती?"

"हो, साहेब. आणि ती माणसंही."

"बरं झालं, बाई," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "फार बरं झालं."

तिनं फोन ठेवला. बारक्या खुर्चीत बसल्या बसल्याच झोपला होता, तोंड उघडं टाकून. नवरा त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होता.