बिनतिकिटाची फेरी

मी एक जुनी ट्राम आहे, मित्रांनो, आणि मला पाठ नाही. माझ्या दोन्ही टोकांना तोंडंच आहेत. पूर्वी रूळ संपले की मला कोणी वळवत बसत नसे. चालक आपली ट्राम चालवायची दांडी उचलायचा, माझ्या पोटातून चालत दुसऱ्या टोकाला जायचा, आणि मघाशी जी पाठ होती तिचं तोंड व्हायचं. त्यामुळे स्वतःची गोष्ट कुठल्या टोकाकडून सांगावी हे मला कधीच कळलेलं नाही. जन्मापासून सांगावी अशी रीत आहे. तर माझा जन्म मेलबर्नच्या उत्तरेला, प्रेस्टनच्या कारखान्यात झाला. अंग लाकडाचं, पाय लोखंडाचे, आणि रंग

टण् टण्.

थांबा. कोणीतरी चढतंय. ट्रामची गोष्ट ही अशी दर थांब्याला तुटते. तुम्हीही सवय करून घ्या.

*

चढल्या त्या दोन म्हाताऱ्या बहिणी. दोघींचं नाक अगदी एकाच साच्यातलं. धाकटी थेक्ला पुढे. ती इथलीच, उत्तरेकडच्या उपनगरात राहणारी. चर्चला जायचे बूट तिने आज मुद्दाम घातले होते. थोरली अरेती मागे. ती ग्रीसहून बहिणीकडे आयुष्यात पहिल्यांदाच आलेली. काळे कपडे, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. खिडकीशी बसली ती अशी ताठ, की दातांच्या डॉक्टरकडे आली आहे असं वाटावं.

"परवा माझं विमान," अरेती म्हणाली. "आल्यापासून तुझं स्वयंपाकघर बघतेय. तुझ्या सुनेचं बघितलं. विहिणीचंही बघितलं. अगं, स्वयंपाकघर मलाही होतं तिकडे. एवढ्याचसाठी आईला माझ्या गळ्यात घालून निघून आलीस?"

ती ग्रीकमध्ये बोलली. मला ग्रीक येतं. या शहरात ग्रीक माणसं इतकी, की मेलबर्नच्या ट्रामला ते यावंच लागतं.

थेक्लाचे कान लाल झाले. "तोंड मिट आणि बाहेर बघ," ती म्हणाली. "कशासाठी आले ते आज दाखवतेच तुला."

म्हणजे पाहा, एका बाकावर बसून, एका फेरीत, या बाईला आपलं सगळं आयुष्य बहिणीच्या गळी उतरवायचं होतं. मी जरा हळू निघाले. लाकडी ट्रामला तेवढंच करता येतं.

*

मी आता पाहुण्यांची ट्राम आहे. शहराच्या मध्याभोवती गोल फिरते. तिकीट नाही, कोणीही यावं, बसावं. छताला एक बोलकी पेटी आहे. कोणत्या वळणावर काय पाहायचं ते ती इंग्रजीत सांगते. पेटीचा आवाज चांगला आहे, पण ती माणसाचं तोंड बघून बोलत नाही. थेक्ला बहिणीचं तोंड बघून बोलत होती.

फ्लिंडर्स स्ट्रीट सोडून मी स्प्रिंग स्ट्रीटला वळले.

पेटी म्हणाली, "हा जुना खजिना. सोन्याच्या खाणींच्या काळात सोनं इथल्या तळघरात ठेवत."

थेक्ला म्हणाली, "हा राणीचा राजवाडा. आली की इथेच उतरते."

पेटी म्हणाली, "हे संसदभवन."

थेक्ला म्हणाली, "हे न्यायालय. पायऱ्या बघ केवढ्या! गुन्हेगार वर पोचेपर्यंत दमतो आणि आपणहून कबूल करतो."

पेटी म्हणाली, "बागेतली ही घुमटाची इमारत जागतिक प्रदर्शनासाठी बांधली."

थेक्लाला घुमट दिसला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं, खाली कारंजं उडत होतं, आणि एक नवरी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून हिरवळीवरून धावत होती, मागे फोटोवाला. क्षणभराने थेक्लाला आठवलं की आपण दाखवणारे आहोत.

"हे... हे त्यांचं मोठं चर्च," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा मोठं आहे. पण आत धूप नाही."

"हं," अरेती म्हणाली.

ही बाई इतकी वर्षं याच शहरात राहिली होती, मित्रांनो, आणि तो घुमट आज पहिल्यांदा बघत होती. मला कळलं. रोज नव्या पाहुण्यांचे डोळे बघत असते मी.

*

रंग. हं, रंग हिरवा. तिथे तुटलं होतं.

तरुणपणी मी कामाची ट्राम होते. पहाटेच्या गारठ्यात उपनगरांतून मुली भरून आणायचे. ग्रीक मुली, इटालियन मुली, जहाजातून उतरून आठवडा न झालेल्या. त्यांच्या डब्यांना लसणीचा वास यायचा आणि इथल्या बायका नाकाला रुमाल लावायच्या. आता त्याच बायकांच्या नाती लसणीच्या पावासाठी रांगा लावतात. त्या मुलींत थेक्ला होती का? असेलही. सगळ्यांचे हात सारखेच लाल असायचे, त्यामुळे खात्रीने सांगवत नाही. चामड्याची पिशवी लावलेला कंडक्टर त्यांना नावं विचारायचा आणि त्यांना सोपी नावं ठेवायचा. हेलन, मेरी, हेलन, मेरी. अर्धी ट्राम हेलन असायची.

मग लांबलचक, काचेच्या, न खडखडणाऱ्या ट्रामा आल्या. कंडक्टर गेले. माझ्या बहिणी विकल्या गेल्या. एक कोणाच्या परसात कोंबड्यांचं खुराडं झाली. एक समुद्रकाठच्या घरात पाहुण्यांची खोली झाली; ती नशिबाची. मला एका शेडमध्ये ढकललं. तिथे कबुतरांनी माझं काय केलं ते मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. पुढे कोणाला तरी वाटलं, पाहुण्यांना जुनं काही तरी हवं असतं. मला बाहेर काढलं, घासलं, रंगवलं

टण् टण् टण् टण्!

*

हे आमचं मेलबर्नचं खास दुखणं. रस्त्याच्या मधोमध रूळ, म्हणून इथे उजवीकडे वळायचं असेल तर गाडीने आधी अगदी डाव्या कडेला जाऊन थांबायचं, ट्रामला जाऊ द्यायचं, आणि मग सबंध चौक ओलांडून वळायचं. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक. परगावचा माणूस मात्र खुशाल रुळावर येऊन उभा राहतो. तसा एक आज ला ट्रोब स्ट्रीटवर माझ्यासमोर उभा होता.

"सिडनीचा असणार!" माझी चालक लॉरेन पुढून ओरडली. घंटा बडवणं तिने सोडलं नाही. "समुद्र बघून बघून डोळे गेलेत मेल्याचे!"

सिडनीशी आमचं जुनं वैर, म्हणून सगळे हसले. गाडी हलेना. मी उभी. पेटीने समोरच्या मनोऱ्याची माहिती सांगून टाकली आणि ती गप्प झाली. डब्यात शांतता पसरली, आणि त्या शांततेत थेक्लाचं ग्रीक शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"ती बघ, काचेच्या टोपीखालची विटांची चिमणी. जुनी बेकरी. सबंध शहराचा पाव इथे भाजायचे."

मागच्या बाकावर एक म्हातारा टोपी तोंडावर ओढून बसला होता. पायांशी बाजाराची चाकांची पिशवी, तिच्यातून कांद्याची पात बाहेर आलेली. टोपी हळूहळू हलू लागली. मग ती खाली पडली. थानासिस नाव त्याचं. बाजार झाला की घरी बायकोची कटकट नको म्हणून माझ्यात बसून फेऱ्या मारतो.

"बेकरी!" तो ग्रीकमध्येच म्हणाला आणि डोळे पुसू लागला. "अहो बाई, बंदुकीच्या गोळ्या पाडायचे तिथे, शिशाच्या! मघापासून ऐकतोय. राणीचा राजवाडा काय, न्यायालय काय! कोणत्या शहरात राहता तुम्ही?"

या शहरात ग्रीकमध्ये थाप मारायची आणि मागे कोणी ग्रीक नसेल असं धरून चालायचं, ही चूक इथल्या ग्रीक बाईनेच करावी! थेक्लाने मान खाली घातली. तिच्या बुटांवर ऊन पडलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. परवाचं विमान, आईचं ओझं, गळी उतरवायचं ते सगळं तिथे बुटांशी पडलं होतं.

अरेती सावकाश मागे वळली.

"तुम्हाला कोणी विचारलं का हो?"

"नाही, पण तुम्हाला ती खोटं—"

"मला ठाऊक आहे ते. ही पेटी बोलतेय ना मघापासून? आमच्या गावाला उन्हाळ्यात इंग्रज येऊन राहतात. मी खोल्या देते त्यांना. त्यांच्या चादरी धुता धुता इंग्रजी शिकले. राजवाड्यापासूनच कळतंय मला."

थेक्लाने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"गुन्हेगार पायऱ्या चढून दमतो ते ऐकायचं होतं." अरेतीच्या तोंडाची एक कड हलली. "मी तरी काय करते? आपल्या विहिरीवर राजा पाणी प्यायला म्हणून सांगते त्यांना. कसला राजा! मिखालिसची गाढवं पितात."

थानासिसने टोपी पुन्हा तोंडावर ओढून घेतली. समोरची गाडी एकदाची सरकली. लॉरेनने त्या माणसाला हाताने केलेली खूण मी सांगणार नाही.

*

बंदरावरून वळसा घेऊन मी पुन्हा फ्लिंडर्स स्ट्रीटकडे निघाले. पाण्यावर उंच काचेच्या इमारती थरथरत होत्या. पेटी त्यांचं कौतुक करत होती. दोघींपैकी कोणीही बाहेर बघत नव्हतं.

"एक सांग," अरेती म्हणाली. "इतकी वर्षं इथे काढलीस. यातलं काहीच कसं बघितलं नाहीस तू?"

"कधी बघणार? अंधारात घरून निघायचं, अंधारात परत. शनिवारी बाजार, रविवारी चर्च. मग पोरं. मग पोरांची पोरं." थेक्लाने नाक पुसलं. "मला एकच गल्ली ठाऊक आहे. तिथे वरच्या मजल्यावर कोट शिवायचे. मी काजं करायची. नुसती काजं. ते कोट मग कॉलिन्स स्ट्रीटच्या मोठ्या दुकानांत काचेमागे लागायचे. सुट्टी झाली की आम्ही मुली काचेला नाक लावून आपापली काजं ओळखायचो. आत कोणी गेलो नाही."

"आईला पाठवला होतास तो राखाडी कोट..."

"त्यातलाच. शिवताना डाग पडला म्हणून मालकाने मला दिला."



"आईने तो सगळ्या गावाला दाखवला," अरेती म्हणाली. "घालून नव्हे. उलटा करून. आतून. म्हणायची, बघा, काजाचा टाका कुठे सुरू झाला तो सापडतो का! शिंपिणीला बोलावून आणलं होतं. तिलाही सापडला नाही." तिने पर्सचा बंद उगाच उघडला आणि मिटला. "मला राग यायचा. धुणं मी करायची, भाकरी मी करायची, आणि दाखवायचा तुझा कोट."

टण् टण्, रसेल स्ट्रीट आला.

"कुठे आहे ती गल्ली?" अरेतीने विचारलं.

"ही काय, चढावर. पण तिथे बघण्यासारखं काही नाही गं. फेरी अजून—"

"ऊठ."

थोरल्या बहिणीने म्हटलं की धाकटी उठते. नातवंडं झाली तरी उठते. दोघी दाराशी येईपर्यंत सिग्नल आमच्या बाजूचा झाला होता. मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. लॉरेन हलली नाही.

"सावकाश उतरा गं पोरींनो," ती म्हणाली. "त्यांना कुठे जायची घाई आहे? सिडनीला?"

*

पुढच्या फेरीला त्याच चौकात मला तांबडा दिवा लागला. तिथून चढावरचा गल्लीचा कोपरा दिसतो. विटांची जुनी इमारत, खाली आता कॉफीचं दुकान. बाहेरच्या खुर्च्यांवर दोघी बसल्या होत्या. कप समोर तसेच भरलेले. दोघींच्या माना वर, तिसऱ्या मजल्याच्या एका खिडकीकडे. थेक्लाची बोटं हवेत काज घालून दाखवत होती आणि तिच्याशेजारी अरेती तेच करून बघत होती. तिला जमत नव्हतं. थेक्लाने तिचं बोट धरून वळवलं.

हिरवा दिवा झाला.

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना रंग द्या, चाकांना तेल घाला, बाकांवर नखाने नावं कोरू नका. घरी कोणी लांबून आलं की त्याला माझ्यात बसवा, घुमट दाखवा, कारंजी दाखवा. ती सुंदर आहेत; मी रोज बघते आणि अजून कंटाळले नाही. पण फेरी पुरी होईपर्यंत बसून राहू नका. मध्येच कुठेतरी त्याचा हात धरून उतरा. मला उतरता येत नाही.