पोटरीवरून नडगीवर

मी एक जुना तुकडा आहो, मित्रांनो. भाकरीचा नाही, माणसाचा. मेहकरजवळच्या गावात अश्वजित नावाचा ट्रॅक्टरवाला आहे, त्याच्या डाव्या पोटरीवर मी जन्मलो. लई खोडकर होतो मी. विहारात सगळे डोळे मिटून बसले, की नेमकी मले खाज सुटे. त्याची बायको सुवर्णा पायाले तेल लावाले बसली, की मले अशा गुदगुल्या होत, का तो लाथच झाडे.

"सरळ पडा न हो!" ती वरडे.

बीटी कपाशीलेही बोंडअळी लागली, त्या सालची गोष्ट. लोकायनं उभी पऱ्हाटी उपटून टाकली. ती वाहून नेताना ट्रॉली कलंडली अन् अश्वजितचा पाय खाली सापडला. हाड मोडलं नाही, पण नडगीवरचं मांस सोलून निघालं. पांढरं हाड उघडं पडलं.

डॉक्टर म्हणाले, "हाड झाकलं नाही तर सडेल. मग पायच कापावा लागेल."

त्यायनं मले तीन बाजूनं कापलं, चौथी बाजू देठासारखी ठेवली, अन् फिरवून नडगीवर बसवलं. देठातून रक्त येत राह्यलं, म्हणून मी जगलो. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "काय मस्त बसलाय हा!" माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग त्यायनं बजावलं, "या तुकड्याच्या नसा कापल्या गेल्यात, त्याला जाणीव नाही. गरम काही लावू नका." अश्वजितनं मान हलवली.

घरी त्याले नवाच खेळ सापडला. शेजारच्या उकंडरावच्या हाती टाचणी देऊन म्हणे, "टोच बे! दुखलं त माह्यं नाव बदल." उकंडराव टोचे, अश्वजित हासे. मी मात्र मुका.

अश्वजितची माय जनकाबाई हे दारातून पाहे. गावातल्या बाळंतिणीयले तीच शेक दे. तिचं माप एकच: माणूस 'बस' म्हणे, तवाच थांबायचं. पोराचा असा झोपी गेलेला पाय पाहून तिचा जीव तुटला. सुवर्णा कामाले गेल्यावर तिनं ईट तापवली, फडक्यात गुंडाळली अन् माझ्यावर ठेवली.

"लागलं त बस म्हण, बाप्पा."

डॉक्टरचं बोलणं त्याले आठवलं. पण माय इतक्या मायेनं बसली होती, का त्याच्या तोंडून 'नाही' निघालंच नाही.

"ठेव न माय. काहीच लागून नाही राह्यलं."

मी भाजत होतो, मित्रांनो, अन् ते मलेही कळत नव्हतं. वास आला, तवा तिनं ईट उचलली.

माझं अर्धं अंग काळं पडून गेलं. परत दवाखाना, परत चिरफाड. पाय वाचला, पण क्लच दाबायची ताकद गेली. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दारात गेला. बाळंतिणीचं बोलावणं आलं, का जनकाबाई म्हणते, "माह्या हातानं नको."

मित्रांनो, घरात कोणाची अशी मुकी जागा असली, तर तो सांगेल म्हणून थांबू नका. रोज डोळ्यानं पाहा. काही गरम ठेवाचंच नाही, कितीही माया आली तरी. मुक्या जागेले 'बस' म्हणता येत नाही.

आताही रोज म्हातारी माझ्यावर तळहात ठेवते. मले तो लागत नाही. काठावरची कातडी सांगते, आली म्हणून.

"कळते काय रे, माह्या हात?"

"हाव माय! काढ न, गुदगुल्या होऊन राह्यल्या," म्हणत अश्वजित पाय झाडते.

खोटारडा कुठचा.