सिग्नेचे सात तास

बहिणीचं, सिग्नेचं, पोस्टकार्ड मे महिन्यात अमेरिकेहून आलं. गुनवोरने ते दोनदा वाचलं आणि पावाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं. मजकूर चार ओळींचा. नवरा जाऊन वर्ष झालं, मुलांनी आग्रहाने बोटीच्या सहलीचं तिकीट काढून दिलंय, बोट अठरा जुलैला स्वीडनमध्ये, लीसेशीलला थांबेल, सकाळी नऊ ते चार. 'आपल्या घरी कॉफी पिऊ. माझ्या खोलीच्या खिडकीत बसून.'

अडचण त्या शेवटच्या ओळीत होती.

घर होतं, पण दोघींचं राहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा सिग्ने अमेरिकेहून आली होती, आपला हिस्सा सोडून सही करून गेली होती. जाताना म्हणाली होती, "तू राहा इथे. माझी खोली तेवढी तशीच ठेव." त्यानंतर पंधरा वर्षांनी गुनवोरचा नवरा वारला, छप्पर गळायला लागलं, जिना चढताना गुडघे बोलायला लागले. तिने घर नॉर्वेतल्या, ऑस्लोच्या एका जोडप्याला विकलं आणि सुपरमार्केटच्या मागे दोन खोल्यांत राहायला आली. सिग्नेला हे कळवायला म्हणून ती पेन घेऊन बसली, आणि लिहून गेली, 'यंदा अंगणातला लायलॅक लवकर फुलला.' पुढच्या वर्षी, 'पायऱ्यांना रंग दिला.' पत्ता कसा बदलला, तर म्हणे नगरपालिकेने रस्त्यांची नावं बदलली. एक खोटं सांभाळायला दुसरं, असं करत चोवीस वर्षं निघाली.

अठरा तारखेला बोट खाडीच्या मधोमध उभी राहिली आणि छोट्या होड्यांतून माणसं धक्क्यावर उतरायला लागली. सगळ्यांच्या डोक्यावर बोटीच्या कंपनीने वाटलेली लाल टोपी. त्यातली एक टोपी थेट गुनवोरच्या दिशेने आली.

"किती गं बुटकी झालीस!" टोपीखालून आवाज आला.

"आणि तू सर्कशीतून पळून आलीस का?"

दोघी एकमेकींना धरून हसल्या. हसता हसता कोणाचे डोळे आधी भरले ते कळलं नाही.

गुनवोरने सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी चर्च, मग आईवडिलांची कबर, मग मासळीच्या दुकानात कोळंबी, मग बंदरावर कॉफी. वेळ काढत न्यायची, म्हणजे घरी जायला वेळच उरणार नाही. कॉफीच्या दुकानात सिग्नेने काउंटरवरच्या पोरीला "आपण एक वेलचीचा बन द्याल का?" असं विचारलं. पोरगी फिस्सकन हसली. इथे आता डॉक्टरलाही कोणी 'अहो' म्हणत नाही. सिग्नेची स्वीडिश मात्र ती अमेरिकेच्या बोटीवर चढली त्या १९६९ सालीच थांबली होती.

"हसली का गं ती?"

"तू म्हातारी झालीस म्हणून."

"मग तू कोण, कुमारिका?" सिग्नेने बनचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "एक वाजला, गुनवोर. घरी कधी जायचं?"

"आधी दीपस्तंभाकडे जाऊ, तिकडे नवीन..."

"मला नवीन काही बघायचं नाही."

गुनवोरने कप खाली ठेवला. आता पळायला जागा उरली नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं, एका दमात, टेबलाकडे बघत.

सिग्नेने मोडलेला बनचा तुकडा बशीत ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "हिवाळ्यात झोप नाही लागली की मी मनातल्या मनात त्या घरात शिरायचे. दार, जिना, तिसरी पायरी कुरकुरायची ती. माझी खोली. आणि तिथे झोपायचे. चोवीस वर्षं मी परक्याच्या घरात झोपत होते होय?"

"मला वाटलं, तुझं तेवढं तरी राहू दे."

"की तुला लाज वाटत होती?"

"तीही वाटत होती. पण तू सही केलीस नि तिकडे जाऊन मोकळी झालीस! छप्पर कोणी धरून ठेवायचं होतं?"

सिग्ने उठली आणि चालू लागली. टेकडीवरच्या घराची वाट तिला सांगावी लागली नाही. गुनवोर गुडघे सांभाळत मागे. फाटकाशी पोचली तेव्हा सिग्ने तिथे थांबली होती, आणि आत ब्रश हातात घेऊन कुंपण रंगवणारा माणूस तिच्याकडे बघत होता. घराचा मालक, हालवर.

"मी इथे जन्मले," सिग्ने म्हणाली.

हालवरने ब्रश डब्यात ठेवला. "मग बाहेर काय उभी आहेस? ये की आत."

आत भिंती पाडून एकच मोठी खोली केली होती. जिना नवा होता, कुरकुरला नाही. वरच्या खोलीत व्यायामाची सायकल होती, नेमकी खिडकीसमोर. बाकी बसायला काही नाही. सिग्ने क्षणभर घुटमळली, मग लाल टोपीसकट सायकलवर चढून बसली. बाहेर गुलाबी खडक, खाडी, पलीकडच्या तीरावरची घरं.

"हेच," ती म्हणाली. "एवढंच तर हवं होतं." आणि तिने तोंड फिरवलं.

गुनवोर तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाली हालवरने कॉफी केल्याचा वास आला, पण दोघींपैकी कोणी हललं नाही. थोड्या वेळाने सिग्ने नाक पुसत म्हणाली, "रागावलेय मी अजून. एका दुपारीत जायचा नाही हा राग."

"मग राहा की. बोट जाऊ दे."

बोलून गेल्यावर गुनवोरलाच आपल्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. सिग्ने तिच्याकडे बघत राहिली. "तिकडे नातवंडं आहेत गं. माझा नवरा तिकडे पुरलाय."

"माहितीये. उगीच म्हटलं."

साडेतीनला धक्क्यावर रांग लागली होती. "तू ये," सिग्ने म्हणाली. "पत्रं नकोत आता. तू ये, म्हणजे मला भांडता येईल." होडी सुटली. गुनवोर हात हलवत राहिली, पण सगळ्या टोप्या लाल, आपली कोणती ते ओळखू येईना. मग तिने सगळ्यांनाच हात केला.

ऑगस्टमध्ये ती बसने जवळच्या उद्देवाल्ला शहरात गेली, तिथल्या पोलिसांच्या पासपोर्ट खिडकीवर. फोटो काढणाऱ्या बाईने सहज विचारलं, "कुठे निघालीस?"

"बहिणीकडे," गुनवोर म्हणाली. आयुष्यात हे वाक्य आपण पहिल्यांदाच बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, तिला हसू आवरेना, आणि फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला.