लेकीसाठी निवडलेला पाला

२०१६च्या फेब्रुवारीत सईची तिसरी चाचणी फसली.

उस्मानपुऱ्यात राहणारी सई दगडी पाल्यावर संशोधन करत होती. खेड्यात जखमेवर चोळून लावतात, तोच पाला. त्याचा अर्क ती केसाहून शेकडोपट बारीक कणांत भरायची, म्हणजे औषध जखमेत खोल जाऊन सावकाश सुटेल. मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी हे चाललं होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढायचा; कणांचं औषध घातल्यावर तो चोवीस तासांत बुजायला हवा. दोनदा बुजला. तिसऱ्यांदा निम्माच. मार्चअखेर निकाल जुळला नाही, तर प्रकल्प बंद होणार होता.

तिने कण पुन्हा मोजले, यंत्रं तपासली. सगळं ठीक. उरला पाला. तो पाचोडजवळचे मेंढपाळ मुंजाबा द्यायचे. सई एसटीने त्यांच्याकडे गेली.

"मामा, या खेपेचा पाला कुठला होता?"

मुंजाबांचा चेहरा खुलला. "हिरवागार होता ना? टँकर भरत्यात तिथल्या ओलीवरला. एकेक पान निवडलं, ताई."

"आणि आधीचा?"

"त्यो माळावरला, मरतुकडा. तवा तुमची वळख नव्हती, दिला तसाच. पण दिवाळीत तुमी घरी भाकर खाल्ली. मग लेकीला तसला द्यावा व्हय?"

सईला हसू आवरेना. "मामा, तहानलेल्या झाडातच औषध जास्त उतरतं. मला मरतुकडाच हवा."

"लई शिकून येडी झाली का काय ही?" चुलीपाशी बसलेल्या वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मेंढरं तोंड लावत नाय त्याला."

माळावर आता प्लॉट पडले होते. वॉचमनला विचारून सई आणि मुंजाबा कुंपणाच्या आत गेले आणि दुपारपर्यंत दोन किलो पाला खुडला. मुंजाबांनी तो धडप्यात घट्ट बांधला. "गावातून जाताना उघडू नका. लोक मला काय म्हंतील?"

अठ्ठावीस मार्चला ओरखडा बावीस तासांत बुजला. सईने प्रयोगशाळेतूनच मुंजाबांना फोन लावला.

"जमलं, मामा!"

"त्याच पाल्यानं?"

"त्याच."

मुंजाबांनी ओरडून बायकोला सांगितलं. पलीकडून वच्छलाबाईंचा आवाज आला, "मग आणखी खुडून ठेवा की! औंदा पाऊस पडला तर समदं हिरवं हुईल. पोरीची पंचाईत."