घर घेतलंत की गाडीला गोठा?

हो, मीच बोलतोय, जेवणाचं टेबल. सहा माणसं ऐसपैस बसतील एवढं माझं अंग. आणि माझ्यावर जेवलं कोण? कुणी नाही! वाळलेल्या कपड्यांची रास आणि गार पडलेली इस्त्री एवढंच माझ्या नशिबी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

एका सुतारदादांनी जुन्या सागवानी दारांतून मला घडवलं. घ्यायला आलं ते जोडपं अगदी नवं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त. "मोठंच करा हं दादा, आमचं घर मोठं आहे," ती ऐटीत म्हणाली. मी तिथेच तिचा झालो.

घर खरंच मोठं होतं. कामाच्या जागेजवळ तेवढ्या पैशांत जेमतेम एक खोली मिळत होती, इथे गावाबाहेर तीन खोल्या आणि वर गच्ची. पण दोघांनी घर पाहिलं कधी, तर रविवारी सकाळी! रस्ता मोकळा, गाणी ऐकत ऐकत पोहोचलेसुद्धा. "एवढंसं तर अंतर!" तो म्हणाला. तोच रस्ता सोमवारी कसा तुंबलेला असतो, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. जगाचे डोळे तपासणारा माणूस, आणि त्याला हे दिसू नये!

बस इकडे यायची नाही, म्हणून मग ती आली. गाडी. म्हणे गरजेपुरती! मेलीने सगळा संसारच बळकावला. पहाटे डबे भरायचे माझ्यावर आणि खायचे तिच्यात, जातानाही नि येतानाही. तो चालवणार, ही शेजारी बसून त्याला घास भरवणार. हसणं, भांडण, रुसवा, समजूत, सगळं तिच्या काचांआड. डबे येऊन मला सांगायचे, चहाडखोर कुठले. सुट्टीच्या दिवशी तिला आंघोळ, मऊ आसनं, वर सुगंधी डबी. मला साधं ओलं फडकं मिळेना! अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

एकदा त्या पोरीची आई राहायला आली. तिने माझ्यावर ताटं मांडली. मी हरखलो. दोघं संध्याकाळी आली, बसली, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच लेक माझ्यावर डोकं टेकून झोपून गेली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग जावयाला म्हणाली, "घर घेतलंत की गाडीला गोठा बांधलात?"

"तिकडे मोठं घर परवडत नव्हतं हो, आई."

"आणि हे परवडतं? पेट्रोल, दुरुस्ती, वर दोघांचं आयुष्य रस्त्यावर! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

त्याची मान खाली गेली. "घराचा हप्ता तेवढा हिशेबात धरला होता. रस्ता धरलाच नाही."

लेक जागी झाली होती. डोकं न उचलताच म्हणाली, "मला एवढं घर नको रे. मला तुझ्याबरोबर बसून जेवायचंय."

शेवटी ठरलं. घर विकायचं, गाडी विकायची, इस्पितळापासून चालत जाता येईल अशी एक खोली घ्यायची. गाडी जाणार! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता ताटं माझ्यावरच, दोन्ही वेळा! तेवढ्यात तो टेप घेऊन आला. माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, पुन्हा मोजली.

"नाही गं मावणार हे."

तिने माझ्यावरून नुसता हात फिरवला. ज्यांनी घर घेतलं, त्यांच्या वाट्याला मीही घराबरोबर आलो.

परवा तिची आई उरलेलं सामान न्यायला आली होती. नव्या मालकिणीला कौतुकाने सांगत होती, "खोली एवढीशी. जेवायला भिंतीला एक फळी ठोकलीय, वर उचलली की बंद. पण दोघं दोन्ही वेळा गरम जेवतात, आणि तिथेच बसून भांडतात."

फळी! ना पाय, ना ऐट, आणि माझं सगळं तिला मिळालं. गाडीवर मी उगाच इतका जळलो. खरा जळफळाट काय असतो, ते आत्ता कळतंय.

पोरांनो, घर बघायला जाल तेव्हा खोल्या मोजा, हप्ता मोजा. पण दोघं मिळून जेवायला कधी बसणार, तेही एकमेकांना विचारा. आणि कधी त्या खोलीत गेलात, तर ती पोरगी पोटभर जेवते का, एवढं बघून या. मी विचारलं म्हणून त्या फळीला मात्र सांगू नका.